बालवाडीच्या उंबरठ्याशी

जून उजाडला की बालवाड्यांच्या दारांशी तेच दृश्य दिसते. तीन वर्षांचे मूल रडत आत जाते आणि आईबाप सुटकेचा निःश्वास टाकून माघारी फिरतात. शुल्क भरले, दप्तर आणले, की कर्तव्य संपले, ही समजूत सुशिक्षित घरांतही रुजली आहे. ती घातक आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

या देशात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांची दृष्टी नेमकी उलट होती. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलाआधी पालकास शिकविले पाहिजे, हे या मंडळींनी ओळखले होते. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वाडीवस्तीवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. मुलांची न्हाणीधुणी, गाणी, खेळ आयांच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. पुढे १९७५ साली शासनाने योजना आखली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. अंगण घराचे असते, याचा मात्र आपणांस विसर पडला.

"आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार?" असे कष्टकरी आईबाप विचारतात. या वयात पाटीवरची अक्षरे मुळी दुय्यमच आहेत. शेंगा सोलताना दाणे मोजावे, भाकरी थापताना गोष्ट सांगावी, मुलाच्या दहा प्रश्नांतील पाचांना तरी न चिडता उत्तर द्यावे. याला पदवी लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो वडिलांनीही दिला पाहिजे.

सीमाभागात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, असे घटनेचे ३५०-अ कलम १९५६ पासून सांगते. त्या हक्कासाठी आपण मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. परंतु मराठी शाळेसाठी घोषणा देणारा बाप घरी तान्ह्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत असेल, तर दोष एकट्या सरकारचा कसा? शेजारची कन्नड मूल खेळता खेळता शिकेल, इंग्रजीही यथाकाल येईल; घरची भाषा मात्र घरीच मिळावयाची.

म्हणून पालकांनी महिन्यातून एकदा तरी बालवाडीत अर्धा तास बसावे. बाईंना "किती लिहिले?" असे न विचारता "कोणाशी खेळला? काय विचारले?" असे विचारावे. शाळा शासनाकडून मागून घेता येते. मुलाचे बालपण पुन्हा मागून मिळत नाही.