भागवते ती!

खर्चासाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत. एक ‘परवडणे’ आणि दुसरं ‘भागवणे’. वरवर दोन्ही पैशांचीच, पण मैत्रिणींनो, कोण कुठलं वापरतं ते जरा कान देऊन ऐका. व्यापारी म्हणतो, ‘या भावात मला परवडत नाही.’ शेतकरी म्हणतो, ‘कापूस परवडत नाही.’ बाई मात्र म्हणते, ‘कसंतरी भागवतो जी ताई!’ आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य ऐकायला मिळतंच. परवडत नाही म्हटलं की सौदा मोडून उठता येतं. भागवणारीला उठता येत नाही, सांज झाली की चूल पेटवावीच लागते.

शब्द आहे मोठा गमतीचा. भाग, भागाकार, भाज्य, भाजक, भागीदार ही सगळी मंडळी संस्कृत ‘भज्’ धातूच्या गोतावळ्यातली. भज् म्हणजे वाटणे. आहे त्याचे वाटे करून सगळ्यांना पुरवायचं, त्यातूनच गरज पुरी होण्याचा अर्थ आला असावा. म्हणून तहान भागते, खर्च भागतो. थकल्याभागल्या जिवातलं ‘भागणे’ मात्र वेगळ्या घरचं. ते ‘भग्न’वरून आलेलं, म्हणजे मोडलेलं. दोन शब्द झिजत झिजत एका रूपाला आले आणि आमच्या बायकांच्या वाट्याला दोन्ही एकदमच आले!

आता सरकारी हिशेब पाहा. कापसाचा हमीभाव ठरवताना उत्पादन खर्च धरतात. 2025-26 साठी तो क्विंटलला 5140 रुपये धरला आणि मध्यम धाग्याच्या कापसाला दीडपट, म्हणजे 7710 रुपये भाव जाहीर झाला. या खर्चाला ‘ए-2 अधिक एफएल’ म्हणतात. एफएल म्हणजे घरच्या माणसांची शेतातली मजुरी. म्हणजे घरच्या बाईचं निंदण आणि वेचणी कागदावर तरी मोजली जाते. (तिच्या हातात ती मजुरी कोण ठेवतो, ते विचारू नका.) पण पहाटेच्या भाकरी, शिदोरी, पाणी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, हे कुठल्याच रकान्यात नाही. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यातली दिवसाची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषाची 97. तरीही जनगणनेत नुसतं घर सांभाळणारी बाई ‘काम न करणारी’च!

माझं स्पष्ट मत आहे की शेती परवडत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी असली, तरी ती अर्धीच सांगितली जाते. न परवडणारी शेती वर्षानुवर्षं चालते कशी? मधली तूट कोणीतरी भागवतं म्हणूनच ना? ती दुसऱ्याच्या वावरात वेचायला जाते, अंडी विकते, गटातून कर्ज काढते, स्वतःचा दवाखाना पुढं ढकलते.

2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार सुरू झाले आणि घरोघरी ऐकू येऊ लागलं, ‘आता तर तुझं भागते ना?’ जणू काही आजवर ती स्वतःचंच भागवत होती!

गटाच्या वहीत आपण बचत लिहितो, कर्ज लिहितो, व्याज लिहितो. माझी सूचना आहे, आणखी एक रकाना आखा. या महिन्यात घरात काय कमी पडलं आणि ते कशातून भागवलं, एवढंच त्यात लिहायचं. आणि वर्षाअखेरीला पेरणीचा हिशेब मांडताना ती वही नवऱ्यापुढं उघडून ठेवायची.