टायर बदलण्याआधी झीज बघा

हंगाम तोंडावर आला की ट्रकचे टायर आठवतात. एका कडेने घासलेला टायर दिसला की आपण नवा घालतो आणि थोड्याच दिवसांत तोही तसाच घासतो. कारण मूळ दोष तसाच राहिलेला असतो.

म्हणून आधी टायर कुठे घासला ते बघा. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी किंवा ओझे जास्त. मधला पट्टा घासला असेल तर हवा जास्त. पुढच्या चाकाची एकच कड झिजली तर किंगपिन, बेअरिंग ढिले आहे का ते तपासा. ते दुरुस्त झाल्यावरच अलाइनमेंट करा. जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्सिंग बघा. मागच्या जोडचाकांत एकाची हवा कमी असली की ओझे दुसऱ्यावर पडते. तेव्हा आतल्या टायरची हवाही मोजा, तीही निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. नुसती काठी मारून अंदाज बांधू नका.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो टायर कायद्यानेही चालत नाही. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर घसरतो. तिथे मालाचा नाही, माणसांचा प्रश्न असतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही हंगामापूर्वी शिवाररस्त्याचे खड्डे मुरूम टाकून बुजवून घ्यावेत. खड्ड्यात आदळून अलाइनमेंट जाते, आणि वाढलेले भाडे शेवटी शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापले जाते.