तीन दिवसांचं सुतक आणि तीन तासांचा खेळ

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि घराघरांत पुन्हा एकदा ‘गेम’ हा विषय निघाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्यानं बंदी घातली. रमीपायी पगार उडवणारा नवरा किंवा मित्रांकडून उसने घेऊन डाव लावणारा मुलगा ज्या बायकांनी घरात पाहिलाय, त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल तर नवल नाही. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, तेव्हाही असंच झालं होतं. सरकारचं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, पण आयांना आनंद झाला तो मुलं अभ्यासाला बसतील म्हणून!

आता यात एक गंमत आहे. आपल्याकडे ‘गेम’ म्हटलं की दोनच सूर लागतात. एक, व्यसन. दुसरा, मोठा उद्योग, परकीय चलन, नोकऱ्या. सिनेमाबद्दल आपण असं बोलत नाही. तिथे हाणामारीचा सिनेमा वेगळा आणि डोळ्यांत पाणी आणणारा वेगळा, हे आपल्याला कळतं. गेमच्या बाबतीत मात्र सगळं एकाच पोत्यात.

त्या पोत्यातून माझ्या भाचीनं मागे एक दाणा काढून माझ्या हातावर ठेवला. ‘‘मावशी, यात मारामारी नाही, कुणी मरत नाही, घड्याळही लावलेलं नाही. बघ तर खरं,’’ असं म्हणून तिनं टॅब पुढे केला. गेमचं नाव ‘ग्रिस’. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ करडा रंग. बार्सिलोनातल्या नोमाडा स्टुडिओ या छोट्या कंपनीनं तो डिसेंबर २०१८मध्ये आणला. त्यातली चित्रं कॉनराड रोसेट या चित्रकाराची, अगदी जलरंगात काढल्यासारखी. २०१९च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये समाजावर प्रभाव टाकणाऱ्या खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला.

गोष्ट म्हटली तर एवढीच. एक तरुण मुलगी दगडातल्या एका भल्यामोठ्या स्त्रीच्या तळहातावर बसून गातेय. अचानक त्या मूर्तीला तडे जातात, मुलीचा आवाज जातो आणि ती खाली कोसळते. जगातले सगळे रंग नाहीसे होतात. ती मूर्ती म्हणजे तिची आई, असं बहुतेक खेळणाऱ्यांना वाटतं. गेममध्ये एकही संवाद नाही. पुढे कोडी सोडवत, पडक्या वास्तूंमधून वाट काढत ती चालत राहते आणि एकेक रंग परत येतो. आधी लाल, मग हिरवा, निळा, पिवळा.

मला थबकायला लावलं ते सुरुवातीनं. आपण उडी मारायचं बटण दाबतो आणि ती उडी मारत नाही, गुडघ्यांवर बसते. पुन्हा दाबलं, पुन्हा बसते. हे सिनेमात दाखवता येत नाही बरं का! सिनेमात आपण दुसऱ्याचं दु:ख लांबून बघतो. इथे बोट आपलं असतं आणि तिच्या अंगात त्राण नाही, हे त्या बोटाला कळतं. पुढे तिच्या झग्याला एक ताकद मिळते. तो दगडासारखा जड होतो, म्हणून वादळ आलं तरी ती उडून जात नाही. दु:खानं जड झालेलं माणूस त्या जडपणामुळेच तगून राहतं, हे एकही शब्द न वापरता सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हे बघताना मला माझी एक मैत्रीण आठवत होती. बँकेत नोकरीला आहे. आई गेली, तेव्हा ती माहेरी पोचली, सगळं आटोपलं आणि चौथ्या दिवशी सासरी परत. न्हाऊन देवापुढे दिवा लावला, संध्याकाळी पोळ्या केल्या. का, तर लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं सुतक तीन दिवसांचं! आपल्याकडे बऱ्याच घरांत अजून हेच चालतं. सासऱ्यांचं मात्र पुरे दहा दिवस. जिनं जन्म दिला तिच्यासाठी तीन आणि ज्यांच्या घरी दिली त्यांच्यासाठी दहा. हा हिशेब कुणी केला, हे विचारायचं नाही. ‘‘मला रडायला वेळच मिळाला नाही गं,’’ असं ती दोन वर्षांनी, भाजी निवडता निवडता म्हणाली.

सुतक ही सोय होती, हेही खरं. घरात माणूस गेलंय, तर चूल पेटवू नका, शेजारचे पिठलंभात आणतील, तुम्ही बसा. शोक करायला मोकळीक देणारी ती रीतच होती. पुढे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, पितृपक्ष. म्हणजे गेलेलं माणूस दरवर्षी एकदा आठवायचंच, ही व्यवस्था. पण या व्यवस्थेत बाईच्या वाट्याला काय आलं? वडे, खीर आणि पन्नास पानांचा स्वयंपाक. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत तर अनेक घरांत तेही झालं नाही. शेवटचं दर्शन नाही, गळ्यात पडून रडायला कुणी नाही. ते रडणं अजून कितीतरी जणींच्या आत तसंच पडून आहे.

आता नोकरीचं बघा. गर्भपात झाला, तर कायद्यानं सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण आई गेली, भाऊ गेला, मोठं झालेलं मूल गेलं, तर खासगी नोकरीत तेवढ्यासाठी हक्काची रजा देणारा देशभराचा कायदा नाही. कंपनी देईल ते खरं. पुरुषांची गत तर याहून अवघड. त्यांना रजा नाही आणि रडायचीही मुभा नाही. त्यांच्यावर म्हणाल तर ‘राइम’ नावाचा गेम आहे, माद्रिदच्या टकिला वर्क्स या कंपनीचा, मे २०१७मधला. एका बेटावर एक मुलगा जागा होतो, एका कोल्ह्याच्या मागोमाग कोडी सोडवत पांढऱ्या मनोऱ्याकडे जातो. आपल्याला वाटतं, त्याचं कुणी हरवलंय. शेवटी कळतं की समुद्रात हरवला तो मुलगाच आणि ही सगळी वाट म्हणजे त्याच्या बापाचा शोक. ज्या बापाच्या हातात लाल कापडाचा तुकडा तेवढा उरला, त्यानं तो सोडून द्यायचा असतो.

‘राइम’च्या प्रकरणांची नावं मात्र मला खटकली. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९च्या आपल्या पुस्तकात मांडलेल्या या पाच पायऱ्या. पण त्या मूळच्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या, मागे राहिलेल्यांच्या नव्हेत. शोक असा पायरी-पायरीनं जात नाही, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवलंय आणि आपल्यालाही ते ठाऊक आहे. वर्षभर शांत असलेली बाई दिवाळीत अनारशाचं पीठ भिजवताना हुंदका देते. ‘आईचं प्रमाण विचारायचं राहिलं’ म्हणून. गेममध्ये लेव्हल पार होते, घरात नाही.

आणखी एक योगायोग सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आला. त्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच यादीत दीर्घकाळ न ओसरणारा, रोजचं जगणं अडवणारा शोक हाही विकार म्हणून आला. किमान सहा महिने आणि त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा बराच जास्त काळ टिकणारा. त्याची चर्चा किती घरांत झाली? मुलगा चार तास मोबाइलवर असला की आपण डॉक्टर गाठतो. सून आठ महिने नीट जेवत नसली, तर ‘सावरेल हळूहळू’ म्हणतो.

गेमनं दु:ख बरं होतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यासाठी माणसं लागतात आणि वेळ पडली तर समुपदेशकही. पण मुलांच्या हातातल्या गेमवर तुटून पडण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. हा पैसे मागतो का? हा खेळून झाल्यावर तुला कसं वाटतं? आणि हा संपतो का? जुगाराचा खेळ संपू नये अशाच बेतानं केलेला असतो. ‘ग्रिस’ तीन-चार तासांत संपतो आणि मग माणूस टॅब बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसतं.

असे खेळ इथेही होऊ शकतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ आणला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. यात लढाई आहे, पण ती लढते ते भावासाठी. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष ही एक बाई आहे. नवोदितांच्या गटात या गेमला ‘द गेम अवॉर्ड्स’चं नामांकनही मिळालं. पण हे काम आतबट्ट्याचंच. ‘राइम’ करणाऱ्या टकिला वर्क्सनं नोव्हेंबर २०२४मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या कायद्यात बंदीबरोबरच ई-स्पोर्ट्स आणि निखळ करमणुकीच्या खेळांना उत्तेजन द्यायचंही म्हटलंय. ते उत्तेजन नुसत्या स्पर्धांना मिळणार, की अशी गोष्ट सांगणाऱ्या पोरापोरींपर्यंतही पोचणार, यावर लक्ष ठेवायला हवं.

आणि सरकारची वाट न बघता करण्यासारखं एक काम आपल्या हातात आहे. घरातल्या सुनेची आई गेली, तर तिला चौथ्या दिवशी परत बोलावू नका. ‘राहा तिथे पंधरा दिवस, इथलं आम्ही बघतो,’ एवढं सासूनं किंवा नवऱ्यानं म्हटलं तरी पुष्कळ झालं. परत आल्यावर तिला तिच्या आईबद्दल विचारा. काय करायची, कशी हसायची, अनारसे कसे करायची. तुमच्या घरात असं विचारणारं कुणी आहे?