गाडीतळाची जागा ‘मोकळी’ आहे काय?



वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आपल्या हाती पडली असेलच. तीत ‘कारखान्याच्या मालकीची गावालगतची मोकळी जागा विकसित करणेबाबत विचार करणे’ असा एक विषय आहे. ही जागा म्हणजे आपला जुना गाडीतळ. कारखाना उभा राहिला तेव्हा तिथून गाव दीड-दोन मैल लांब होते. आज नगरपालिकेची हद्द वाढून गाडीतळाच्या तिन्ही बाजूंनी कॉलन्या झाल्या आहेत. बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर-ट्रकांचा तळ नव्या जागी गेला आणि ही पंचवीस-तीस एकर जमीन एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांवर आली.

चावडीवर, गट ऑफिसात, उसाच्या बांधावर सध्या हाच विषय आहे. कोणी म्हणतो, विकून टाका आणि कर्ज फेडा. कोणी म्हणतो, व्यापारी गाळे काढा. कोणाला कॉलेज हवे, कोणाला मंगल कार्यालय. काही जण म्हणतात, बापजाद्यांची ठेव आहे, हात लावू नका. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण काय बांधायचे हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न त्या ‘मोकळी’ शब्दाचा. तो शब्द किती महाग पडतो हे आमच्या घराने पाहिले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला मनिऑर्डर धाडायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सहा-आठ महिने वाट बघून वडील वळकटी घेऊन गावी आले. मी तेव्हा सातवीत होतो. पुढे उपसा सिंचनाचे पाणी आले, ऊस लागला आणि वडिलांनी या कारखान्याचा शेअर घेतला. आपल्या सभासदांत अशी घरे बरीच आहेत. त्यामुळे गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले, ही काही परक्याची कथा नव्हे.

मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ साली शहराच्या विकास नियमावलीत एक नियम आला, ५८ क्रमांकाचा. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करा. एक महापालिकेला, मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. वाटणी अशी की शेतकऱ्यालाही पटावी. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जागांचा एकत्रित आराखडाही सुचवला. तसा एकत्रित विचार काही अमलात आला नाही.

मग २००१ साली नियम बदलला. तीन वाटे राहिले, पण कशाचे? तर फक्त मोकळ्या जमिनीचे. शेड, गोदामे, चिमणी ज्या जमिनीवर उभी आहेत ती पाडून जी जागा निघेल ती वाटणीत धरायची नाही. आता गिरणी म्हटली की जमिनीवर शेडच शेड. मोकळी ती किती असणार? शहराचा आणि घरांचा वाटा एका शब्दाने आकसला. लोक कोर्टात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम केला. म्हणजे कायद्याने सारे रीतसर झाले. हीच गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रीतसर झालेली गोष्ट न्यायाची असतेच असे नाही.

२००५ सालीच सरकारी महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जागा दोन हजार कोटींच्या वर विकल्या गेल्या. पैसा आला हे नाकारत नाही. पण जमीन एकदा गेली ती गेली. मॉल झाले, काचेची ऑफिसे झाली, रस्ते आणि पूल मात्र जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी, स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. आधी इमारती आणि मग रस्ता, या क्रमाची ही किंमत.

आणि कामगारांची घरे? अर्ज दीड लाखाच्या वर. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. नंतरच्या सोडतींतही अर्जांच्या मानाने थोडीच. पुढे तर मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे घरे देण्याची भाषा सुरू झाली. वडिलांचा अर्ज होता. नंबर लागला नाही. अर्जाची पोच त्यांनी शेअर सर्टिफिकिटाच्या शेजारी, ट्रंकेत ठेवली होती. ते गेल्यावर मला ती तिथेच सापडली.

आता आपल्या गाडीतळाकडे या. हंगामात तिथे ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. दोन जुनी गोदामे आहेत, विहीर आहे, सोमवारी जनावरांचा बाजार भरतो. ही जागा मोकळी आहे? कागदावर असेल. ज्यांची नावे सातबाऱ्यावर नाहीत त्यांच्या पायाखालची जमीन कागदाला नेहमीच मोकळी दिसते.

कारखान्यावर कर्ज आहे, उसाचे बिल वेळेवर मिळत नाही, हे मलाही कळते. माझाही ऊस जातो. पण जमीन विकून एका हंगामाचा तोटा भरला तर पुढच्या हंगामाला काय विकायचे? गव्हाण? म्हणून माझ्या सूचना अशा :

१) विक्री नको. द्यायचीच तर मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. मालकी सभासदांचीच राहावी आणि भाडे दरवर्षी अहवालात वेगळे दाखवावे.

२) वाटे करायचे तर सगळ्या जागेचे करावेत, गोदामाखालच्या जमिनीसकट. एक वाटा उत्पन्नासाठी. एक मजुरांचा पक्का निवारा, पाणी, संडास आणि त्यांच्या पोरांच्या शाळेसाठी. एक बाजार आणि मैदानासाठी.

३) रस्ता, गटार आणि पाणी आधी. गाळे मागाहून.

४) नकाशा आणि हिशेब सभेआधी महिनाभर प्रत्येक गट ऑफिसात लावावा. ‘आयत्या वेळच्या विषयात’ यातले काहीही घुसडू नये.

संचालक मंडळावर माझा अविश्वास नाही. मंडळी आपलीच आहेत. पण मंडळे बदलतात, ठराव मात्र प्रोसिडिंगात राहतो. सहकारी संस्थेत अखेरचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, असे १९६० चा कायदाच सांगतो. तो अधिकार ‘मंजूर, मंजूर’ असे ओरडून आणि चहा पिऊन वापरला जात नाही.

तेव्हा सभेला या. वेळेवर या आणि ठराव पूर्ण वाचून होईपर्यंत बसा. त्यात ‘मोकळी’ हा शब्द आला की हात वर करा आणि विचारा, मोकळी म्हणजे किती, आणि कोणाला मोकळी? उत्तर लेखी घेतल्याशिवाय खाली बसू नका.

— एक ऊस उत्पादक सभासद