शेकडा दोन आदिवासी आणि जिल्ह्याचे रुग्णालय

आदिवासींच्या आरोग्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात मेळघाट आणि गडचिरोली ही दोन नावे आपोआप ओठांवर येतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यामुळे एक गैरसमजही रूढ झाला आहे. आदिवासी म्हणजे डोंगरात, जंगलात, दूर कोठेतरी राहणारा माणूस, अशी आपली समजूत झाली आहे. मग जालन्यासारख्या सपाटीच्या जिल्ह्यात हा प्रश्न आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शासनाच्या येत नाही आणि आपल्या कार्यकर्त्यांच्याही येत नाही.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे जालना जिल्ह्याच्या सुमारे साडेएकोणीस लाख लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास भरते. म्हणजे ४० हजारांच्या घरातील माणसे. त्यांत गावाच्या कडेला वस्ती करून राहणारे भिल्ल आहेत आणि शिवाराबाहेर पालांत वा पत्र्याच्या खोपटांत राहणारे पारधीही आहेत. जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. मराठवाड्यात ते आहे नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या बाजूला. येथेच खरी मेख आहे.

आपली आरोग्यव्यवस्था आदिवासी माणूस मोजत नाही, आदिवासी क्षेत्र मोजते. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगरी भागात २० हजारांमागे. उपकेंद्र येथे ५ हजारांमागे, तेथे ३ हजारांमागे. आदिवासी क्षेत्रात उपचारासाठी दाखल केलेल्या कुपोषित बालकाच्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी २०१५ ची अमृत आहार योजनाही आदिवासी क्षेत्रापुरतीच. म्हणजे तोच भिल्ल, तेच दारिद्र्य, तेच कुपोषित मूल. परंतु क्षेत्राची हद्द ओलांडली की शासनाच्या दृष्टीने त्याचे आदिवासीपण संपते!

हा काही मूठभर लोकांचा अपवाद नव्हे. आदिवासींच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला. देशातील आदिवासीबहुल अशा ८०९ विकासगटांच्या बाहेर निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के आदिवासी राहतात, असे त्यात नोंदले आहे. क्षेत्राला धरून आखलेली योजना या बहुसंख्येला गाठणार कशी?

पैशाचा हिशेब पाहिला तर हा अन्याय अधिक उघडा पडतो. सुखटणकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३ पासून राज्याच्या योजनाखर्चातील सुमारे ९ टक्के वाटा आदिवासी उपयोजनेसाठी राखण्याचे धोरण आले. हे ९ टक्के आले कोठून? राज्यातील एकूण आदिवासींच्या प्रमाणातून. वाटा ठरविताना जालन्याचा भिल्ल मोजला जातो. क्षेत्राबाहेरील आदिवासींसाठी वेगळा शीर्ष आहे. परंतु त्यातील किती रुपये आरोग्यावर खर्ची पडतात, हा प्रश्न जिल्हा नियोजन समितीत कोणी विचारावयाचा?

सरासरी हीदेखील अशीच फसवी गोष्ट. समजा, एखाद्या जिल्ह्यात इतरांमध्ये हजारी २० अर्भके दगावतात आणि आदिवासींमध्ये ४०. आदिवासी शेकडा दोन असतील तर जिल्ह्याची सरासरी निघेल २०.४. अधिकारी समाधानाने कागद मिटतील. दुप्पट मृत्यू दशांश चिन्हामागे दडले, हे त्या कागदावर कोठेच दिसणार नाही.

आता रुग्णालयात काय घडते ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मजुराच्या दृष्टीने केसपेपरचे पैसे हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो. बसभाडे, सोबत्याचे जेवण, बाहेरून आणावयास सांगितलेले औषध आणि या सर्वांहून मोठा म्हणजे दोघांचा बुडालेला रोज. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एकाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. अशा घरातील रुग्ण तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठून निघून जातो. ‘सल्ल्याविरुद्ध गेला’ अशी नोंद होते. तो अडाणी होता म्हणून गेला असे आपण मानतो. खरे म्हणजे त्याने हिशेब केलेला असतो, आणि त्याच्यापुरता तो अचूक असतो.

भाषेची अडचण येथे गौण आहे, कारण जालन्याचे भिल्ल-पारधी बहुधा मराठी जाणतात. अडचण आहे ती आपल्या बोलण्याच्या तऱ्हेची. साठीच्या पारधी बाईला ‘ए, सरक तिकडे’ म्हणणारी आपली मराठी शेजारच्या खाटेवरील बाईला मात्र ‘मावशी’ म्हणते! पारध्यांच्या बाबतीत याहून जुनी एक गाठ आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांच्यावरील शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून तो गेला नाही. जखम वा भाजणे घेऊन रुग्णालयात गेले की पोलिसांना कळविले जाणार, या धास्तीने जखमेवर हळद दाबून घरी राहणे त्यांना सुरक्षित वाटते.

वैद्यकीय बाजूचे एकच उदाहरण देतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भिल्लांत आढळतो. सांधे व हाडे असह्य दुखण्याचे झटके येतात. नंदुरबारच्या डॉक्टराला तो चटकन आठवतो; जेथे शंभरांतील दोनच रुग्ण आदिवासी, तेथील डॉक्टराच्या मनात तो येईलच असे नाही. दुखण्याची गोळी देऊन, प्रसंगी ढोंगी ठरवून, रुग्णाला परत पाठविले जाण्याचा धोका असतो. प्राथमिक तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. पण तपासणी करावयाची हे सुचण्यासाठी समोरचा माणूस कोण आहे, हे माहीत असावे लागते.

१९७१ मध्ये वेल्सच्या खाणकामगारांत काम करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की चांगल्या उपचारांची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. त्याच वर्षी सिडनीच्या रेडफर्न वस्तीत तेथील आदिवासींनी स्वतःच्या ताब्यातील दवाखाना उघडला. सरकारी रुग्णालयात अपमान होतो, ही त्यांचीही तक्रार होती. आपल्याकडे गडचिरोलीत बंग दांपत्याने रुग्णालय बांधण्यापूर्वी गोंडांना विचारले. मोठ्या इमारतीची व पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावे, असे लोकांनी सांगितले. त्यातून झोपड्यांच्या वस्तीसारखे ‘माँ दंतेश्वरी’ रुग्णालय उभे राहिले. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने सरकारी रुग्णालयांत स्थानिक समुपदेशक बसविण्याचा मार्ग धरला. जालन्याला वेगळे रुग्णालय नको. चाळीस हजारांसाठी ते व्यवहार्यही नाही. मेळघाटचा मार्ग येथे अधिक जवळचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले, त्यांत गडचिरोलीबरोबर जालनाही होते. बियाणे आणि पोलाद यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात आता डॉक्टर घडणार आहेत. त्यांच्या सामुदायिक आरोग्याच्या अभ्यासात जिल्ह्यातील भिल्ल व पारधी वस्त्या असल्याच पाहिजेत. जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत याच समाजांतील स्त्रिया पगारी सोबतीण म्हणून नेमल्या जाव्यात. विम्याच्या योजनेसाठी आरोग्यमित्र असतो, पण तो कागद पाहतो, माणसाजवळ बसत नाही. रुग्ण कल्याण समितीवर त्यांची एक प्रतिनिधी असावी. दाखल झालेले, बरे होऊन गेलेले, मध्येच निघून गेलेले आणि दगावलेले आदिवासी रुग्ण किती, हा आकडा दरवर्षी वेगळा जाहीर व्हावा. आणि बुडीत मजुरीची तरतूद क्षेत्राऐवजी व्यक्तीला लागू करावी. हा शेवटचा मुद्दा मुंबईत सुटणारा आहे, त्यासाठी आमदारांना गाठावे लागेल.

बाकीचे जिल्ह्यातच होऊ शकते. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गरोदर बाईची नोंद जालन्यात, बाळंतपण मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्याच्या फडात, अशी तऱ्हा होते. वस्त्यांची यादी करणे, तपासण्या उरकणे आणि प्रत्येकीच्या हाती तिचा आरोग्याचा कागद देणे ही कामे पोळा ते दसरा या काळातच व्हावयास हवीत. यादी करण्यास शासनाची परवानगी लागत नाही.