पाय कुणाचे आणि काळजी कुणाची?



चेहऱ्याला लावायची क्रीम आता खेड्यातल्या किराणा दुकानातही पाच-दहा रुपयांच्या पुडीत मिळते. १९७५ साली बाजारात आलेली 'फेअर अँड लव्हली' २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली. नाव बदलले, धंदा तोच. गोरेपणाच्या या बाजाराविरुद्ध आपण बोलत आलो आहोत. पण तीच क्रीम घेणाऱ्या बाईच्या टाचा उलल्या असतील, तर घरात वा दवाखान्यात कुणी विचारत नाही. चेहरा लोकांना दाखवायचा आणि पाय कामाला जुंपायचे, अशी ही वाटणी आहे.

भाताच्या लावणीत बाई दिवसभर चिखलात वाकून उभी असते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, भेगांतून रक्त येते. उंदरांच्या आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच उघड्या जखमेवाटे शरीरात शिरतात. कोकणाला हा आजार नवा नाही. मग टाचेची भेग ही 'ब्यूटी पार्लर'ची बाब कशी?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकरी मोर्चातल्या आदिवासी बायांचे सोललेले तळवे वर्तमानपत्रांत झळकले. मुंबईकरांनी चपला आणून दिल्या, डॉक्टरांनी मलमपट्टी केली. चांगलेच झाले. पण ते पाय काही त्या सहा दिवसांत तसे झालेले नव्हते.

उपाय महागडे नाहीत. रात्री कोमट पाण्याने पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि टाचेला खोबरेल, व्हॅसलीन किंवा कोकणातले मुठेल चोळावे. तेल बेचक्यात मात्र लावू नये. अडचण आहे ती वेळेची, आणि त्याहून जास्त हक्काची. आपल्याकडे पाय चेपायचे ते सासूचे, नवऱ्याचे. स्वतःच्या पायाला तेल लावत बसलेली बाई रिकामटेकडी ठरते. घरात चपलाही सर्वांत शेवटी तिलाच येतात.

मधुमेह असलेल्या बायांनी तर रोज तळवे पाहायलाच हवेत. वाकता येत नसेल तर आरशात. पायाची संवेदना कमी झाली की खिळा रुतलेलाही कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये. बोट सुजून जोडवी रुतत असतील तर ती काढावीत, नवऱ्याच्या आयुष्याला त्याने धक्का लागत नाही.

सफाईचे काम करणाऱ्या कंत्राटी बायांच्या संघटनांनी गमबूट मागताना ते बायकांच्या मापाचे मागावेत. ढगळ बूट घालून काम होत नाही, म्हणून ते कोपऱ्यात पडून राहतात आणि ठेकेदार म्हणतो, 'दिले होते, यांनाच नकोत.' आणि आपल्या गटांच्या पुढच्या आरोग्य शिबिरात वजन-रक्तदाबाबरोबर प्रत्येकीचे पायही तपासून घ्या. काय आढळले, कुठल्या कामाने झाले, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.