कळा सोसताना कानात गाणं

मैत्रिणींनो, पहिल्या बाळंतपणाचा विषय निघाला की बहुतेकजणी आधी किती तास लागले ते सांगतात, मग ‘काय सांगू बाई’ म्हणून हात हलवतात. मला मात्र सगळ्यात आधी आठवतो एक रेडिओ.

१९९८ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावचा दवाखाना. सोबतच्या बाईला आत सोडत नसत. माझी आई बाहेरच्या बाकावर जपमाळ ओढत बसलेली आणि मी आत लोखंडी खाटेवर एकटी. ओरडले की आयाबाई म्हणायच्या, “तूच काय जगावेगळी बाळंत होतेयस?” मी पदराचा बोळा दातात धरला. खिडकीखाली चहाची टपरी होती. तिथं दुपारची गाणी लागलेली. एक कळ आली तेव्हा गाण्याचं धृपद चाललं होतं, कडवं संपेपर्यंत ती ओसरली. मग मी ठरवलंच, पुढची कळ आली की गाणं धरून ठेवायचं. अशी दोन-तीन गाणी निघाली. दुखणं कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक कळ संपते, एवढं मला त्या गाण्यांनी दाखवलं. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि “काय हा गोंगाट” म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली. नंतरचे तास कसे गेले ते मला आठवायचं नाहीये.

हे सगळं गेल्या वर्षी पुन्हा वर आलं, कारण माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यातच म्हणाली, “मावशी, मी त्या दिवसासाठी मोबाइलमध्ये गाणी भरून ठेवलीयत.” माझी आई लगेच म्हणाली, “आता हे काय नवीन? आमच्या वेळी कुठं होती गाणी?”

मी म्हटलं, “का? जात्यावर होती की.”

आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, “हो गं. दळण जड वाटू नये म्हणून गायचो.”

बघा, ही युक्ती आपल्या आज्या-पणज्यांचीच आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखावर भरल्या! एवढं बायकांनी गायलं ते काही कुणाच्या टाळ्यांसाठी नाही. ओवीच्या लयीत हात फिरायचा आणि मनातलं दुःखही बाहेर पडायचं. मग ज्या कष्टाची आपल्याला सगळ्यात धास्ती, त्याच वेळी आपण मुकाट का राहायचं?

आणखी एक गंमत सांगते. आपल्याकडे गर्भसंस्काराची गाणी घरोघरी वाजतात. पोटातलं बाळ हुशार व्हावं म्हणून नऊ महिने मंत्र, वीणा, बासरी. पण जिचा जीव खरोखर कासावीस होतो, त्या आईला बाळंतपणाच्या दिवशी कुणी विचारत नाही, “बाई गं, तुला काय ऐकावंसं वाटतंय?” सगळं संगीत बाळासाठी, आईच्या वाट्याला ‘ओरडू नको’.

भाचीच्या डॉक्टर समजूतदार निघाल्या. एक बाई सोबत राहिली तर चालेल आणि गाणीही चालतील, पण इअरफोन एकाच कानात, म्हणजे आमचं बोलणं ऐकू येईल, असं त्यांनी सांगितलं. सुरुवातीचे तास बासरी छान चालली. व्हरांड्यात फेऱ्या मारताना तिचा श्वास संथ होता. पण कळा वाढल्या तशी ती एकदम ओरडली, “बंद कर ती बासरी! गणपतीतलं ढोलाचं लाव!” मग काय, माझ्या खांद्यावर हात टाकून बाई जागच्या जागी डुलत होत्या. शेवटी शेवटी तर तिनं इअरफोनच काढून फेकला आणि म्हणाली, “मावशी, नुसतं बोलत राहा.” मी काय बोलले देवाला ठाऊक. पण ती एकटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई तिच्या उशाशी बसून म्हणाली, “आमच्या वेळी असं कुणी जवळ असतं तर!” बस, तिचा विरोध तिथंच संपला.

यामागं शास्त्र काय? भीती वाटली की अंग आखडतं, श्वास वरच्यावर होतो आणि दुखणं जास्त जाणवतं. ओळखीचं गाणं कानावर पडलं की लक्ष थोडं तिकडे वळतं, श्वासाला लय मिळते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली प्रसूतीबद्दल ज्या सूचना दिल्या, त्यात निरोगी बाईला हवं असेल तर कळा सोसण्यासाठी दीर्घ श्वसन, अंग सैल सोडणं आणि संगीत यांचा आधार द्यावा असं म्हटलं आहे. बाईच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी, हेही त्यात आहे. आपल्या केंद्र सरकारनं तर २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक अनुभवी बाई राहू द्यावी असं सांगितलं. तेव्हा तुम्ही विचारलंत तर काही जगावेगळं मागत नाही आहात.

पण भाबडेपणाही नको. अमुक राग लावला की झटक्यात सुटका, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. संगीतानं कळा किती कमी होतात याचे संशोधनातले पुरावे अजून भक्कम नाहीत. गाणं हा आधार आहे, उपचार नव्हे. रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेलं तर गाणी शोधत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. दुखणं असह्य झालं आणि दवाखान्यात वेदना कमी करण्याची सोय असेल, तर ती मागण्यात कमीपणा नाही. गाणं ऐकून सगळं सोसलं ती खरी आई, असलं नवं ओझं आपण लेकीसुनांच्या डोक्यावर ठेवायला नको.

करायचं ते अगदी साधं आहे. आठव्या महिन्यातच डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारून ठेवा. गाणी तिची तिला निवडू द्या, सासूबाईंच्या किंवा नवऱ्याच्या आवडीची नकोत. थोडी शांत, थोडी ठेक्याची असू द्या. आधीपासून तीच गाणी लावून रोज पाच-दहा मिनिटं सावकाश श्वास घ्यायची सवय करा. मोबाइल चार्ज करून पिशवीत ठेवा. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्रास होऊ नये म्हणून आवाज बारीक ठेवा. आणि ती ‘बंद करा’ म्हणाली की लगेच बंद करा. त्या खोलीत तिचा शब्द चालेल अशी तेवढी एक तरी गोष्ट असू द्या!

ज्यांच्या हातात लेबर रूम आहे त्या सिस्टर, आयाबाई, डॉक्टर मैत्रिणींनाही सांगणं आहे. तुमची धावपळ, अपुरी माणसं, रात्रपाळ्या, सगळं कळतं. पण यासाठी वेगळी खोली लागत नाही की पैसा लागत नाही. फक्त ‘ओरडू नको’च्या जागी ‘काय लावू?’ म्हणायचं आहे.

माझी ती खिडकी लावून टाकली गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमच्या लेकीची, सुनेची तेवढी उघडी ठेवा.